दसरा चौकातून निघालेली आमची फेरी

शाहू महाराजांची जयंती २६ जूनला आणि जगभर प्राइडचा, म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या अभिमानाचा महिनाही जूनच. कोल्हापुरात राहणाऱ्या कुणालाही ही जुळणी सुचावी. आम्हाला ती सुचली पुण्याहून परतताना, गाडीत. पुण्यात २०११ पासून प्राइडची मिरवणूक निघते आणि आम्ही काही मित्रमैत्रिणी जमेल तेव्हा तिला जातो. गालांवर रंग, खांद्यावर झेंडा, घसा बसेपर्यंत घोषणा. रात्री परत निघालो की किणीचा टोलनाका येतो आणि झेंडे घड्या घालून पिशवीत जातात. कुणी कुणाला सांगत नाही, आपोआप जातात.

त्या रात्री आमच्यातला सगळ्यात धाकटा म्हणाला, "आपल्या गावात का न्हाई चालायचं?"

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. सगळ्यांना कारण माहीत होतं. पुण्या-मुंबईत गर्दीत माणूस हरवून जातो. इथे मंगळवार पेठेतून शिवाजी पेठेत जाईपर्यंत चार जण विचारतात, "मास्तरांची धाकटी न्हवं का तू?" मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. माझी जोडीदार आणि मी एका घरात राहतो आणि शेजारी आम्हाला मैत्रिणी म्हणतात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आमची सुटका केली, तेव्हा आम्ही दार लावून पेढे खाल्ले होते. तेही बाहेरगावच्या मैत्रिणीने आणलेले, कारण गल्लीतल्या दुकानात "कशाचे पेढे?" हा प्रश्न आला असता.

तरीही चालायचं ठरलं. भारतातली पहिली अशी फेरी २ जुलै १९९९ ला कोलकात्यात निघाली, तेव्हा जेमतेम पंधरा माणसं होती. पंधरा माणसं तर आमच्याकडेही होती.

पुण्याची नक्कल मात्र करायची नव्हती, याबद्दल मी आग्रही होते. या शहराला भाषण कमी आणि गोष्ट जास्त पचते. तालमीच्या कट्ट्यावर बसलेला माणूससुद्धा महाराजांची एखादी आठवण निघाली की सरसावून बसतो. मग आपण शहराचीच गोष्ट सांगत चालायचं, आणि तिच्यात आपण कुठे आहोत ते दाखवायचं. एक वारसा फेरी. दसरा चौकातून निघायचं, बिंदू चौकात थांबायचं आणि केशवराव भोसले नाट्यगृहापाशी संपवायचं. पायी फार अंतर नाही, पण थांबत बोलत गेलं तर दोन तास.

मार्ग कागदावर काढला आणि खरं काम सुरू झालं, कारण आमच्याबद्दल कागदोपत्री काय आहे? मी सुट्टीच्या दिवशी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायला लागले. १८५० सालापासूनचं हे ग्रंथालय म्हणजे आमच्या शहराची स्मरणशक्ती. तिथे संस्थानाचे हुकूम मिळतात, नाटक कंपन्यांचे वाद मिळतात, कुस्त्यांचे निकाल मिळतात. दोन बायांनी एकमेकींच्या आधाराने आयुष्य काढलं अशी नोंद मिळत नाही. ती कोण करून ठेवणार? पुरुषांबद्दल निदान शिव्या तरी छापलेल्या सापडतात. बायकांबद्दल तेवढंही नाही, आणि याचा मला त्या थंड खोलीत बसून फार राग आला.

पहिलं मोठं भांडण आमचं आमच्यातच झालं. विषय होता स्त्रीपार्ट. धाकट्याने मोबाइलवर एक यादी करून आणली होती आणि त्यात बालगंधर्व पहिले. त्यांचा जन्मही २६ जूनचा, १८८८ चा. दुसरे केशवराव भोसले, कोल्हापूरचेच, ज्यांचं नाव लहान वयात 'शारदा'च्या भूमिकेने झालं. "हे सगळे आपलेच," तो म्हणाला. मी म्हटलं, हे मी बोलणार नाही. साडी नेसून रंगमंचावर उभं राहणं हा त्या काळच्या नटाचा पेशा होता. स्त्रियांना रंगमंचावर येऊ दिलं जात नव्हतं म्हणून पुरुष त्या भूमिका करत. त्यावरून कुणाच्या मनात काय होतं हे ठरवायचा आपल्याला काय अधिकार? उद्या कुणीतरी उठून पुरावा मागेल आणि आपली सगळी फेरी खोटी पडेल. तो चिडला. त्याचं म्हणणं असं होतं की बाकीच्यांना पूर्वज फुकटात मिळतात, आपल्याकडेच दाखला का मागायचा? त्याची तळमळ मला कळत होती, अजूनही कळते. पण इतिहास शिकवणाऱ्या बाईला हे मान्य करता येत नाही.

त्या भांडणातून निघालं ते मात्र मोलाचं. स्त्रीपार्टी नटाबद्दल बोलायचं, पण प्रेक्षकांच्या बाजूने. ज्या समाजाने पुरुषाला नऊवारीत पाहून त्याच्यासारखी साडी नेसायचा, त्याच्यासारखी वेणी घालायचा हट्ट धरला, तोच समाज तमाशातल्या नाच्याला बघून खिदळला. गणपत पाटील हे आमच्याच कोल्हापूरचे नट. मराठी चित्रपटांत त्यांनी नाच्या रंगवला. भूमिका संपल्यावरही त्या टाळीने त्यांचा पिच्छा सोडला नाही. ते बायकामुलांचे संसारी गृहस्थ होते, तरी त्यांना आणि घरच्यांना लोकांचं हसणं सोसावं लागलं. म्हणजे बायकी दिसणाऱ्या पुरुषाला झोडपायला तो कोण आहे हे तपासायचीही कुणाला गरज वाटत नाही. हे सांगायला कुणाच्या खाजगी आयुष्यात डोकवावं लागत नाही. धाकट्याने हा मुद्दा स्वतःकडे घेतला, आणि नाट्यगृहासमोर तोच बोलणार असं ठरलं.

पूर्वज शोधायला आम्ही ग्रंथालयात बसलो होतो, आणि ज्यांना शोधायची गरजच नव्हती ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी दारावर जोगवा मागत होते. ही आठवण आमच्या गटातल्या एका ट्रान्स मैत्रिणीने करून दिली, जराशी ठणकावूनच. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहून घेतलेले जोगते या भागात पिढ्यान् पिढ्या आहेत. साडी नेसतात, कपाळभर भंडारा लावतात, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मुखवटा ठेवलेली पाटी, घेऊन चालतात. कर्नाटकातल्या मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांतही फोटो आले. आमच्या गल्लीत येणाऱ्यांचं नाव मात्र आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

ती ट्रान्स मैत्रीण मला अशाच एका जोगत्याकडे, आक्कांकडे घेऊन गेली. आक्का साठीच्या पुढच्या. एका खोलीचं घर, अर्ध्या भिंतीपर्यंत ऑइलपेंट आणि कोपऱ्यात पाटावर जग. मी तो इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. वेताची पाटी, तिच्यात देवीचा पितळी मुखवटा, हिरवी साडी चुण्या घालून नेसवलेली, कवड्यांच्या माळा, मागे मोरपिसं. मुखवट्याचं नाक रोजच्या पुसण्याने झिजून गुळगुळीत झालं होतं. बाजूला चौंडकं टांगलेलं. एका तोंडाला कातडं मढवलेला लाकडी पोकळ नळकांडा, कातड्याच्या मधोमधून निघालेली तात दुसऱ्या टोकाच्या खुंटीला बांधलेली. आक्कांनी ते काखेत धरलं, खुंटी डाव्या मुठीत घेऊन तात ताणली आणि काडीने छेडली. तात ताणावी तसा सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. एवढ्याशा वाद्यातून माणूस हुंदका द्यावा तसा आवाज निघतो.

मी फेरीचं सांगितलं. आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तुमी बी आमच्यातलंच व्हय?"

"होय आक्का," मी म्हटलं. आईला हे सांगायला मला कितीतरी वर्षं लागली होती.

"मग आदी का आला न्हाईस गं?"

त्यांनी वर्षाचं चक्र सांगितलं. मार्गशीर्षातली रांडाव पुनव, त्या दिवशी देवीबरोबर आपल्याही बांगड्या फोडायच्या. माघातली भरत पुनव, त्या दिवशी पुन्हा चुडा भरायचा. सौंदत्तीहून परत आलं की ओढ्यावरच्या देवळापाशी आंबील-घुगऱ्यांची जत्रा. लहानपणी पोराने साडी नेसली म्हणून घरात मार खाल्ला होता. केसांत जट निघाली आणि देवीने बोलावलं असं म्हातारीने सांगितलं, त्या दिवसापासून मार थांबला. "साडी तीच," आक्का म्हणाल्या, "पर आता देवीची झाली."

इथे एक अवघड गाठ होती आणि ती फेरीत लपवायची नाही असं मी ठरवलं. १९२० साली शाहू महाराजांनीच जोगत्या-मुरळ्या प्रतिबंधक कायदा केला. तो का केला हे स्पष्ट आहे. दलित, गरीब घरांतल्या मुली देवाला सोडल्या जात आणि पुढे त्यांचं काय होई हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या प्रथेचे गोडवे गाणं हा त्या मुलींवर अन्याय ठरेल. त्याच देवीच्या दारात आक्कांसारख्या पोराला मात्र एकमेव जागा मिळाली. एका मुलीला जिथे कोंडलं गेलं, तिथेच एका मुलाला श्वास घेता आला, कारण बाहेरच्या जगाने दोघांनाही दुसरी वाट ठेवली नव्हती. आक्कांना मी हे विचारून घेतलं, असं बोललं तर चालेल का. त्या म्हणाल्या, "खरं हाय ते बोल. पोरी लई रडल्या त्यात." मग मी निर्धास्त झाले.

परवानगीचं काम कंटाळवाणं, पण दुसऱ्या गावात कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वरचेवर निघतात, तो लागू असेल तर पाच माणसांनी जमायलाही परवानगी लागते. म्हणून आधीच अर्ज द्यावा. अर्जात तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, स्पीकर आहे की नाही, सगळं नेमकं लिहावं. मार्ग दोन ठाण्यांच्या हद्दीतून जात असेल तर दोन्हीकडे द्यावा आणि आवकचा शिक्का मारलेली पोहोच जपून ठेवावी. २६ तारखेलाच दसरा चौकात सरकारी कार्यक्रम आणि मिरवणुका असतात, म्हणून आम्ही जवळचा रविवार सकाळचा धरला.

हे सगळं सोपं. अवघड होती ती अर्जातली 'जबाबदार व्यक्ती' ही ओळ. नाव, पत्ता, मोबाइल. पुण्याला जाऊन नाचणं वेगळं आणि आपल्या गावच्या ठाण्यात आपल्या नावाने हा कागद देणं वेगळं. पेन टेबलावर पडून होतं. एकाचं दुकान वडिलांच्या नावावर, एकीच्या धाकट्या बहिणीचं लग्न जमायच्या बेतात. मी शाळेचा विचार करत होते. संस्थाचालक काय म्हणतील, पालक काय म्हणतील. माझी जोडीदार बोलली, "मी करतो सही. नोकरी माझी माझ्याच हातात हाय." तिचं शिवणकामाचं छोटं युनिट आहे. तिने सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. तिच्या नावाखाली मी माझंही लिहिलं. आमच्या दोघींची नावं आणि खाली एकच पत्ता, असा तो आमच्या आयुष्यातला पहिला कागद. आजही फाइलमध्ये आहे.

ठाण्यातल्या हवालदारांनी अर्ज दोनदा वाचला. "शाहू महाराजांच्या विचारांवर फेरी आहे म्हणता, मग हे एलजीबीटी काय?" मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पावसाचं बघा मॅडम, छत्र्या आणायला सांगा." घोषणा नकोत, रहदारी अडवायची नाही, अशा अटींवर मंजुरी मिळाली.

झेंडे माझ्या जोडीदाराच्याच युनिटमध्ये शिवले. फोटोंसाठी एक नियम केला, आणि तो प्रत्येक लहान गावात करावा असं मला कळकळीने वाटतं: ज्यांना फोटोत यायचं नाही त्यांनी मनगटाला पिवळी फीत बांधायची, आणि फीत दिसली की कुणीही मोबाइल वर करायचा नाही. निम्म्याहून जास्त हातांना फीत होती. तरी ते सगळे आले होते.

त्या सकाळी पाऊस होताच. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी जमलो. या चौकाच्या आसपास महाराजांनी उभी केलेली बोर्डिंगं आहेत. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, एकेका समाजाच्या मुलांसाठी एकेक. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ सालचं मिस क्लार्क वसतिगृहही महाराजांच्याच पाठबळावर उभं राहिलं. मी तिथे एवढंच म्हटलं की महाराजांनी आमच्यासाठी काही केलं असा दावा मी करणार नाही. त्यांनी केलं ते हे, की ज्या पोराला गावात शिकायला आणि टेकायला जागा नाही, त्याला आधी खोली दिली. आज आमच्यातल्या पोराचं घरी कळलं की पहिली जाते ती खोलीच. याच महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिली, तेव्हाही लग्न कुणी कुणाशी करावं यावरून केवढा गदारोळ होता. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आमच्या लग्नाला मान्यता द्यायचं काम संसदेवर सोडलं. अजून आम्ही वाट पाहतो आहोत.

भाऊसिंगजी रोडवर, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या चहाच्या हॉटेलाची गोष्ट आमच्यातल्या एका वकील मित्राने सांगितली. महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत, म्हणून बाकीच्यांचा विटाळ संपत गेला. तो म्हणाला की कायद्याने बरंच होतं, पण आपल्याबरोबर चारचौघांत बसून चहा पिणारा माणूस लागतो. ऐकताना कडेला थांबलेल्या एका रिक्षावाल्या काकांनी मान डोलावली.

बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे, ९ डिसेंबर १९५० ला, त्यांच्या हयातीतच बसवलेला. शेजारी महात्मा फुले. या पुतळ्याखाली काय सांगायचं याचा मला मुळीच प्रश्न नव्हता. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत र. धों. कर्वे यांचं वकीलपत्र घेतलं होतं. 'समाजस्वास्थ्य' मासिकात कर्वे वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत, आणि ज्यांवरून अश्लीलतेचा खटला झाला त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. असं शास्त्रीय लिहिणं म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाजू बाबासाहेबांनी मांडली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. मी हे सांगत असताना पुतळ्याला हार घालायला आलेली दोन कॉलेजची मुलं थांबली. त्यांतला एक म्हणाला, "मॅडम, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." तो शेवटपर्यंत आमच्याबरोबर चालला.

नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली. १९१५ चं ते पॅलेस थिएटर, आणि जळालं ते केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. सगळं शहर रडलं होतं. आम्ही बाहेरच उभे राहिलो. धाकटा नाच्याबद्दल बोलला, कागद न बघता. आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर नाही. त्याच्या मनगटावर फीत नव्हती.

मग आक्कांनी चौंडकं काखेत घेतलं.

गाणं सुरू होताच आजूबाजूच्या घरांतून बायका बाहेर आल्या. एक आजी पावसात तशीच पुढे आली, आक्कांच्या पायावर डोकं ठेवलं, भंडारा लावून घेतला. मागे झेंडे धरून आम्ही उभे होतो, आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. हे मला सगळ्यात जास्त विचार करायला लावून गेलं. आक्कांच्या पाया पडणारं हे शहर आक्कांना भाड्याने खोली देत नाही. त्यांनी स्वतः सांगितलं होतं, आत्ताची खोली मिळायला किती दारं ठोठावली ते. देवीची म्हणून मान आहे, माणूस म्हणून घर नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने तृतीयपंथी व्यक्तींना आपली ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला, पण घरमालकाच्या दारात तो निकाल कुणी वाचत नाही. म्हणून पुढच्या वेळी आम्ही घर भाड्याने देणाऱ्यांशी, गल्लीतल्या मंडळांशी आधी बोलणार आहोत.

शाळेतून अजून काही आलेलं नाही. दोन पालकांनी फोटो पाहिल्याचं सांगितलं, एकीने माझा हात दाबला आणि आपल्या मुलाबद्दल बोलायला वेळ मागितला.

फेरीनंतर एका बाईंचा फोन आला. त्यांच्या दोन मावश्या, सख्ख्या नव्हेत, एक मावशी आणि एक तिची सोबतीण. दोघी नर्स. पन्नासेक वर्षं एका घरात राहिल्या, एकीच्या पाठोपाठ दुसरी गेली. ट्रंकेत फोटो आहेत, पत्रं आहेत, एकीने दुसरीला दर दिवाळीला लिहिलेली, एकाच घरात राहून लिहिलेली. मावश्यांच्या नात्याला काय म्हणायचं हे भाचीने आम्हाला विचारलं नाही आणि आम्हीही सांगणार नाही. घरातल्या बाकीच्यांची संमती मिळाली तर पुढच्या जूनमध्ये त्या घरासमोर थांबून ती पत्रं वाचायची आहेत. तोवर आक्कांची आणि त्यांच्या सोबतिणींची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवायचं काम चालू आहे, प्रत्येकीची लेखी संमती घेऊन. तुमच्या घरात माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा.